बाईसाबच्या बापाची बाटली

या अंकासाठी लिहा म्हणून ज्या बाई आल्या होत्या त्यांना माझ्याकडून अनारशांची कृती हवी असावी. अनारसे मला बरे जमत नाहीत. ज्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षं काढली तिथे करडीचं तेल, लसूण, अंडी आणि द्राक्षाची दारू होती. तेच लिहिते. मी बोरीच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले. वाक्यं साधी असतील.

आधी माझ्या कामाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी स्वयंपाक करताना चाखत नाही. माझ्या सासूने मला तसं वळण लावलं. आमच्या घरी सणाला पहिलं पान देवाचं, आणि चाखलं की ते उष्टं झालं. सासू रोजच्या वरणालासुद्धा चाखू द्यायची नाही. वासावर सगळं ओळखायचं. मीठ कमी असेल तर उकळीचा वास पाणचट येतो. डाळ बुडाला लागायच्या आधी थोडा भाजल्या शेंगदाण्यासारखा वास देते, तेव्हाच उतरवायची. लोकांना ही थाप वाटते. वाटू द्या. दोन वर्षांत माझं नाक असं झालं की शेजारच्या घरात दूध नासणार आहे हे मला अर्धा तास आधी कळायचं.

नवरा लवकर गेला. मुलगी शेवंता दहा वर्षांची होती. दीरांनी जमीन दिली नाही, म्हणून भावाकडे बोरीला आले. भाऊ सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस घालायचा. तिथल्या इंजिनावर एक इंग्रज साहेब होता, त्याच्या बंगल्यात बाई माणूस हवं होतं. मुलीला भावाकडे ठेवलं आणि गेले. तेव्हा निजामाचं राज्य होतं. साहेबलोक आमच्या भागात थोडे, आणि त्यांच्या घरी काम करणारी हिंदू बाई तर कोणी नव्हतीच. खानसामा हुसेनभाई मटण-कोंबडी बघायचा. बाकी माझ्याकडे.

साहेब इंग्रज, पण बाईसाब स्पेन देशाची. इनेस तिचं नाव. साहेब तिकडे कुठल्यातरी खाणीवर असताना लग्न झालेलं. बापाचे द्राक्षाचे मळे, घरची दारू, घरचं तेल. मी कामाला लागले तेव्हा तिच्या देशात लढाई चालू होती, आपसातलीच, आणि घरची पत्रं येणं बंद झालं होतं. इकडे आल्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला. त्यातून उठली ती नाक घालवून. आंबट, खारट, गोड, कडू एवढं जिभेला कळायचं. बाकी काही नाही. मोगरा नाकाशी धरला काय आणि शेण धरलं काय, तिला एकच. भात आणि भिजवलेला कागद एकच.

वास जाणं म्हणजे काय हे मला त्या बाईकडे बघून कळलं. ती रडायची नाही. दर रविवारी दुपारी घरचं जेवण मांडायची. स्वतः उभी राहून मला शिकवायची आणि सगळं झाल्यावर दोन घास खाऊन ताट सरकवायची.

तिचं जेवण आपल्याला वाटतं तितकं परकं नव्हतं. हरभरे आणि पालक लसणीत परतलेले. बटाटा-कांद्याचं बोटभर जाड अंड्याचं थालीपीठ. एका मोठ्या उथळ कढईत केलेला भात, तो हलवायचा नाही, खाली खरपूस होऊ द्यायचा. भाताला केशर लागायचं. ते संपल्यावर मी करडईच्या फुलांच्या पाकळ्या घातल्या. आमच्याकडे करडई काय कमी. पहाटे दवात काटे मऊ असतात तेव्हा खुडून आणायच्या आणि सावलीत वाळवायच्या. बाईसाब म्हणाली, तिच्याकडची गरीब माणसंसुद्धा हेच करतात. तिला एक धुरकट लाल तिखट हवं असायचं, ते मी तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या धुरावर मिरच्या टांगून केलं. साहेब म्हणाला, असलंच तिकडे खाल्लं होतं. तेलाचं मात्र जमलं नाही. तिच्या देशातल्या तेलाचा एक डबा आला होता, त्याला हिरव्या गवताचा वास होता. करडीला तो कुठून येणार.

या जेवणाबरोबर वाइन. सिकंदराबादहून रेल्वेने खोकं यायचं. फ्रान्सची, पोर्तुगालची, इटलीची, कधी स्पेनचीही. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द, दारू. बाईसाबला तो शब्द आवडायचा नाही. तिच्या घरी लहान पोरांनाही पाणी घालून देत, असं ती सांगायची. कोणत्या जेवणाशी कोणती, याचा तिचा नियम कडक होता. पण नाक नसल्यावर नियम काय कामाचा. तिने बाटली उघडायची, पेल्यात ओतायची आणि बघत बसायचं.

एक दिवस पेला तिने माझ्यापुढे धरला आणि विचारलं, कसा वास येतोय. ती मराठी माझ्याकडूनच शिकली, त्यामुळे आमच्यासारखीच बोलायची. साहेबाच्या पाहुण्यांना हसू यायचं.

मी वास घेतला आणि जे आलं ते सांगितलं. पिकून खाली पडलेल्या, मुंग्या लागलेल्या जांभळाचा. त्याच्यामागे ओल्या गोणपाटाचा. बाईसाबने डोळे मिटले. म्हणाली, "अजून सांग." मी परत नाक घातलं. काकवीच्या फेसाचा, पण फार थोडा.

त्या दिवशी तिने सगळं ताट संपवलं.

मग ते काम होऊन बसलं. रविवारी मी टेबलाजवळ उभी राहायची, पेल्याचा वास घ्यायची आणि सांगायची. पांढऱ्या वाइनला कैरीच्या देठातला चीक. एकीला नव्या मडक्यातलं पाणी. स्पेनची एक पिवळसर, कडक, तिला भाजलेल्या खाऱ्या शेंगदाण्यांचा आणि जुन्या फडताळाचा. ती खाऱ्या माशांच्या डब्याबरोबर घ्यावी असं मीच सांगितलं. मासा चिरला तेव्हा दोन्ही वास एकमेकांत बसले. साहेब खाऊन बघून म्हणाला, बरोबर आहे. घोट मी कधीच घेतला नाही. हुसेनभाई दारातून बघायचा आणि म्हणायचा, "नाक है के थानेदार. किसीको नहीं छोडती."

एकदा सिकंदराबादच्या खोक्यात तीन तऱ्हांच्या बाटल्या आल्या. तीन चिठ्ठ्या, तीन किमती. परभणीहून एक मोठे अंमलदार जेवायला यायचे होते. मी वास घेतला आणि साहेबाला सांगितलं की या तिन्हींत एकच माल आहे, आणि त्यात उसाची मळी आहे. साहेब चिडला. स्वयंपाकीण बाईने त्याला फ्रान्सची वाइन शिकवावी हे त्याला पटेना. हुसेनभाईने बुचं आणून दाखवली. प्रत्येक बुचाला स्क्रू घुसल्याची दोन भोकं होती. म्हणजे आधी कोणीतरी उघडून, भरून, परत लावली होती. त्या दिवशी अंमलदारांना लिंबाचं सरबत मिळालं. तेव्हापासून खोकं आलं की साहेब पहिल्यांदा मला हाक मारायचा. मला गंमत वाटायची. बोरीत साहेबाघरची म्हणून माझ्या हातचं पाणी न पिणाऱ्या बायका होत्या आणि इथे साहेब माझ्या नाकासाठी थांबून राहायचा.

आता त्या दोन बाटल्या.

लग्न होऊन निघताना बाईसाबच्या बापाने तिला आपल्या मळ्यातल्या दोन बाटल्या दिल्या होत्या. ती ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीची दारू. चिठ्ठी नाही, नुसतं काळं शाईचं अक्षर. कोठीच्या खोलीत सगळ्यात गार कोपऱ्यात, गवतावर आडव्या ठेवलेल्या. लढाई संपली आणि तिच्याकडचे हरले, असं ऐकलं. त्या वर्षी तिच्या वाढदिवसाला तिने एक उघडली. साहेब कापसाच्या कामाला मानवतला गेला होता. टेबलावर पिवळा भात होता. आम्ही दोघीच.

तिने ओतली आणि पेला माझ्याकडे दिला. मी नाक घातलं. आधी काहीच येईना. मग हळूहळू यायला लागलं. उन्हात तापलेल्या काळ्या दगडावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. मग करवंदं. मग चिकणी सुपारी कातरताना येतो तो. सगळ्यात शेवटी धूर, पण चुलीचा नाही. लांब कुठेतरी शेतात काडीकचरा जळतोय आणि वारा इकडचा आहे, तसा. मी एकेक सांगत गेले. बाईसाबने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. धुराचं सांगितलं तेव्हा म्हणाली, छाटलेल्या वेली जाळतात त्या. माझा बाप स्वतः जाळतो.

मग म्हणाली, "आता जिभेवर घे."

मी म्हणाले, "न्हाई."

"नाकाला कळलं ते उंबऱ्यापतुर झालं, कौसा. आत जाऊन सांग. मला जाता येत न्हाई."

"लेकीचं लगीन व्हायचंय, बाईसाब. माझ्या तोंडाला वास आला आन् बोरीत कळलं तर कोन करंल पोरगी?"

तिने स्वतःचा पेला उचलला, प्यायली आणि म्हणाली, आंबट आहे आणि थोडं कडू आहे, संपलं. एवढंच तिच्या वाट्याला होतं. नंतर म्हणाली, "दुसरी ठेवते. लेकीचं लगीन झालं की तू प्यायची. तवाच उघडू."

मी हो म्हणाले. त्या वेळी तोंडातून निघून गेलं.

शेवंताचं लग्न तीन वर्षांनी झालं, झरीला दिली. घर बरं मिळालं. मी परत आले त्या रविवारी बाईसाबने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हणाले, श्रावण आहे. नंतर म्हणाले, नवरात्र आहे. नंतर शेवंता गरोदर होती, नंतर तिची सासू आजारी होती. बाईसाबने विचारायचं सोडलं. तिकडे मोठी लढाई चालू होती, खोकी येणं बंद झालं होतं. घरात दुसरी कुठली वाइन राहिली नव्हती. रविवारचं जेवण पाण्यावर व्हायचं.

खरं सांगायचं तर लेकीचं निमित्त होतं. मी न चाखणारी म्हणून माझी ऐट होती. नाकावर चालवते असं सगळे म्हणायचे. ते मला मोडायचं नव्हतं. बाईसाबला काय हवं होतं हे मला नीट कळत होतं आणि तरी मी दिलं नाही.

याच काळात हुसेनभाई म्हातारा झाला म्हणून औरंगाबादला मुलाकडे गेला. कोठीची किल्ली माझ्याकडे आली. जाताना त्याने सांगितलं, बाटली आडवीच ठेव. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लढाई संपता संपता बाईसाबच्या बहिणीचं पत्र आलं. बाप गेला होता, वर्षभरापूर्वीच. मळे दुसऱ्यांच्या नावावर झाले होते. बाईसाबने काळे कपडे घातले आणि दोन दिवस जेवली नाही. मी जवारी काढायला कोठीत गेले. बाटली गवतावर आडवी होती आणि धूळ बसू नये म्हणून तिच्यावर पांढरं फडकं होतं. आमच्यात माणूस गेलं की असंच जमिनीवर गवत अंथरून ठेवतात, वर पांढरं घालतात. बापाची बाटली अशी ठेवलेली मला बघवेना. शिवाय भरलेलं भांडं उभं असावं, हे तर आम्हाला लहानपणापासूनचं. मी ती उचलली, पुसली, कोनाड्यात उभी केली. चांगलं वाटलं. बाईसाबला सांगायची गरज वाटली नाही. ती कोठीत यायचीच नाही.

बाटली आडवी का ठेवतात ते आज कोणालाही माहीत असतं. बूच ओलं राहतं. उभी केली की बूच वाळतं, आकसतं, आत हवा जाते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बूच काय, बैलगाडीचं चाक आकसून आरे सुटतात. हे मला कळायला हवं होतं. ती बाटली तीन उन्हाळे उभी राहिली.

शेवटच्या उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली. रोज कोणीतरी बैलगाडीत सामान भरून हद्दीपलीकडे जात होतं. देवगाव फाट्यावरून गाड्यांची रांग लागलेली असायची. साहेबाने जिनिंग सोडायचं ठरवलं. बाईसाब आणि तो मुंबईला जाणार आणि तिथून जहाजाने. साहेब स्टेशनवर गाडीच्या डब्याची सोय करायला गेला. दुपार होती. पेट्या बांधून झाल्या होत्या. मी चुलीवर शेवटचा भात टाकला आणि बाईसाबपुढे जाऊन उभी राहिले.

म्हणाले, "बाईसाब, आज पिते मी."

तिने हातातली दोरी खाली ठेवली. तोंड धुऊन आली, बांधलेल्या पेटीतून दोन पेले परत काढले. मी बाटली आणली. मी ती उभीच धरून आणली आणि तिच्या ते लक्षात आलं नाही. स्क्रू लावला तर बूच चुरा होऊन आत पडलं.

ओतायच्या आधीच मला वास आला. तो वास ओळखायला माझं नाक लागत नव्हतं. नासलेल्या ताडीसारखा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा.

ती माझ्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांनी ती बघत होती. मी पेला उचलला आणि एका दमात प्यायले. घशातून पोटापर्यंत रेघ उठली. मी म्हणाले, करवंदं हायत. दगड हाय. धूर हाय, तुमच्या बापाचा. पहिल्या बाटलीचं सगळं पाठ होतं, तेच ओळीने म्हटलं. आयुष्यात खोटं मी सहसा बोलले नाही, त्यामुळे नीट जमलं नसावं.

बाईसाबने तिचा पेला उचलला. मी हात पुढे केला, पण उशीर झाला. जीभ तिची शाबूत होती. तिने पेला खाली ठेवला.

मी म्हणाले, "मी हुबी क्येली हुती. तुमचा बाप गेल्यापासून."

"कशाला?"

मी सांगितलं. गवत, पांढरं फडकं, सगळं सांगितलं. तिला ते समजलं की नाही तेव्हा कळलं नाही. ती उठून खिडकीपाशी गेली. मला वाटलं आता शिव्या देईल. मी ऐकून घेतल्या असत्या.

ती परत आली ती सकाळची भाकरी घेऊन. वाळून कडक झालेली. ती तिने वाडग्यात चुरली, लसूण ठेचून घातला, मीठ, करडीचं तेल, माठातलं पाणी, आणि वरून त्या बाटलीतलं ओतलं. चमच्याने ढवळलं. दोन चमचे खाल्ले आणि थांबली. मग वाडगा जवळ ओढून खायला लागली. अकरा वर्षांत मी तिला असं खाताना बघितलं नव्हतं. अर्धा वाडगा झाल्यावर मला म्हणाली, "बस. आज मी सांगते, तू ऐक."

आणि ती सांगायला लागली. तिच्या बापाकडे मळ्यात छाटणीची माणसं यायची. दुपारी झाडाखाली बसून शिळा पाव असाच खायची, पिंपात बिघडलेल्या दारूचा आंबट सिरका घालून. घरात ते कोणी खात नसे. ही लहान असताना चोरून जाऊन त्यांच्यात बसायची. बाप बघायचा आणि बघितलं नाही असं करायचा. आंबट, खारट, लसणाचा तिखटपणा. हे सगळं जिभेचं आहे, याला नाक लागत नाही. ती म्हणाली, "चांगली राहिली असती तर मला काय कळलं असतं? हे जिभेला लागायलंय."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, हे मी अजून ठरवू शकले नाही. तिने वाडगा माझ्याकडे सरकवला. मी खाल्लं. चव बघून खाल्लं, नाक न वापरता, जितकं जमेल तितकं. भात तसाच राहिला. तो नंतर चौकीदाराने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. एक पत्र मुंबईहून आलं, साहेबाच्या हातचं. नंतर काही नाही. मी झरीला शेवंताकडे आले. पुढे परभणीत मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं स्वयंपाक केला, तिथेही चाखला नाही.

उन्हाळ्यात मी अजून भाकरी चुरते. लसूण, मीठ, करडीचं तेल. बाजारातला सिरका आणून बघितला, एक नाही चार तऱ्हांचा. तो जन्मापासून आंबट असतो, त्याच्यामागे काही नसतं. बाईसाबच्या बापाची ती नासलेली दारू नासतानाही मागचं थोडं धरून होती. वाडग्याच्या तळाशी, अगदी शेवटी, मला करवंदं लागली होती. तिला मी ते सांगितलं नाही, कारण मघाशीच खोटं बोलले होते आणि तिने परत विश्वास ठेवला नसता. पहिली बाटली उघडली तेव्हा ती चव सगळीच्या सगळी तिथे होती, माझ्या हातात, आणि समोर ती बाई विचारत होती. मी फक्त एक घोट घ्यायचा होता.